सदाफुलीचीं पानें

गेल्या महिन्याच्या टपालांत नाशिकच्या एका भगिनीचें पत्र आलें आहे. पत्र लांब आहे, आणि त्यांतील पुष्कळसा भाग घरगुती स्वरूपाचा असल्यामुळें तो येथें देत नाहीं; परंतु मुख्य प्रश्न असा : त्यांच्या श्वशुरांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या चैत्रापासून ते रोज पहाटे अंगणांतील पांढऱ्या सदाफुलीचीं पांच पानें अनशापोटीं चावून खातात, आणि डॉक्टरांनीं दिलेल्या गोळ्यांपैकीं रात्रीची गोळी त्यांनीं आपल्याच मनानें बंद केली आहे. सासूबाईंचें म्हणणें असें कीं, झाडपाल्याचें औषध. गुण आला तर आला, अपाय तर नाहीं! "अपाय नाहीं हें खरें कीं काय, एवढेंच आपण या सदरांत सांगावें. मी घरांत कांहीं बोललें तर लहान तोंडीं मोठा घास होतो," असें त्या लिहितात. पत्राच्या शेवटीं आणखी एक बारीकसा प्रश्न आहे, त्याकडे मागाहून वळूं.

हा प्रश्न एका घरचा नाहीं. सकाळीं फिरावयास जाणाऱ्या वृद्ध मंडळींत एखाद्याच्या मुखानें सदाफुलीची कीर्ति ऐकूं आली नाहीं असा बगीचा आमच्या पुण्यांत तरी नसेल. आतां तर मोबाईलवर येणाऱ्या निरोपांतूनही ती घरोघर जाऊन पोहोंचली आहे. म्हणून या महिन्यांत ठरविलेला विषय बाजूला ठेवून सदाफुलीविषयीं लिहितें. पण तत्पूर्वीं माझ्याच घरांतील एक हकीकत सांगितली पाहिजे. कारण ती मनांत ठेवून मी तटस्थपणाचा आव आणला, तर तें बरें दिसणार नाहीं.

माझे चुलतसासरे (घरांत लहानथोर सर्व त्यांना काकासाहेब म्हणतात) शाळेंत गणित शिकवून निवृत्त झाले. हिशेबाची आवड त्यांच्या अंगीं इतकी मुरलेली कीं, दुधाच्या पिशव्यांचाही जमाखर्च ते वहींत मांडीत. मधुमेह जडला तेव्हां रक्तांतील साखरेचेही आंकडे त्याच वहींत, निळ्या शाईनें, तारीखवार लिहूं लागले. पर्वती चढणाऱ्या त्यांच्या मंडळींपैकीं एका स्नेह्यानें त्यांना सदाफुलीचा प्रयोग सांगितला. प्रयोगाबरोबर पथ्य होतेंच : चहांत साखर नाहीं, भात एकवेळ, गोडाधोडाला रजा, आणि पर्वती एकदां चढत होतां ती आतां दोनदां चढा! महिन्याभरांत वहींतले आंकडे खरोखरच उतरले. काकासाहेबांचा आनंद गगनांत मावेना. मी वनस्पतिशास्त्र शिकविणारी म्हणून मला मुद्दाम हांक मारून ते म्हणाले, "सूनबाई, तुमच्या पुस्तकांत हें लिहिलें आहे काय? हा पाहा पुरावा." मीं वही पाहिली व भीत भीत विचारलें, "काकासाहेब, साखर सोडली, भात कमी केला, चालणें दुप्पट झालें. मग श्रेय पानांनाच कां द्यावयाचें?" ते हंसले. ज्या मनुष्यानें आयुष्यभर मुलांना एका वेळीं एकच अज्ञात धरावयास शिकविलें, त्यानें येथें चार गोष्टी एकदम बदलल्या आणि उत्तर मात्र एकीच्याच नांवें मांडलें. मीही पुढें बोललें नाहीं, आणि ती माझी चूक झाली.

त्यानंतर गोळ्या प्रथम अर्ध्या झाल्या, मग बंद झाल्या. साखर मोजण्याच्या यंत्राच्या पट्ट्या संपल्या त्या पुन्हां आणल्या नाहींत. वहींतील निळे आंकडे श्रावणांत थांबले. पथ्यही हळूहळू सुटलें, कारण गणपति, दसरा, दिवाळी हे सण कोणाच्या वहीसाठीं थांबत नाहींत. पानें मात्र नेमानें चालू होतीं. दिवाळीनंतर नव्या चपलेनें डाव्या पायाचें करंगळीजवळचें बोट चावलें. दुखलें नाहीं, म्हणून कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. मधुमेह्याच्या पायाला दुखत नाहीं हेंच तर भयाचें लक्षण! जखम चिघळली, बोट काळवंडलें, आणि शेवटीं तें काढावें लागलें. रुग्णालयांत डॉक्टरांनीं विचारलें, "आणखी कांहीं औषध घेत होतां काय?" काकासाहेब म्हणाले, "छे, कांहीं नाहीं." ते खोटें बोलत नव्हते. त्यांच्या लेखीं सदाफुलीचें पान हें औषधच नव्हतें. गुण यावयाचा तेव्हां तें औषध होतें. विचारणा झाली तेव्हां तें नुसतें पान होतें.

आतां झाडाकडे वळूं.

सदाफुली ओळखावयास पुस्तकाची गरज नाहीं. गुडघ्याएवढें किंवा थोडें अधिक उंच झुडूप. समोरासमोर येणारीं, लांबट गोल, तुळतुळीत हिरवीं पानें व त्यांच्या मधून जाणारी फिकट शीर. पांच पाकळ्यांचें सपाट फूल, गुलाबी, पांढरें, किंवा पांढऱ्यावर मधोमध लाल टिळा लावलेलें. भिंतीच्या भेगेंत, गच्चीच्या कोपऱ्यांत, रिकाम्या डब्यांत, जेथें मूठभर माती मिळेल तेथें ती उगवते व बारा महिने फुलते. ऊन तिला मानवतें. मुळाशीं पाणी सांचलें तर मात्र ती कुजून जाते. गुरें तिला तोंड लावीत नाहींत, कारण पान अतिशय कडू. ज्या झाडाला शेळीही सोडून देते त्याला मनुष्यानें आवर्जून तोंड लावावें, यांत आमच्या जातीच्या बुद्धीचें कौतुक करावें कीं कसें, हें वाचकांनींच ठरवावें.

तिची कळी उमलण्यापूर्वीं नीट पाहिली तर पाकळ्या पीळ घातल्यासारख्या एकमेकींवर गुंडाळलेल्या दिसतात. हीच खूण चाफ्याच्या, तगरीच्या आणि कण्हेरीच्या कळींत आढळते. कारण हीं सर्व झाडें एका कुळांतलीं आहेत. सातवीण, सर्पगंधा आणि आपली कोंकणांतील करवंदही त्याच कुळांतली. हें कूळ मोठें विलक्षण आहे. करवंदें आपण टोपलीभर खातों; सर्पगंधेच्या मुळांतून रक्तदाब उतरविणारें रिसर्पिन नांवाचें द्रव्य १९५२ सालीं वेगळें काढण्यांत आलें; आणि कण्हेरीचा तर मुळापासून फुलापर्यंत प्रत्येक भाग हृदयाला घातक. एकाच घराण्यांत संत, वैद्य आणि मारेकरी जन्मावे तसा हा प्रकार आहे. म्हणून या कुळांतील कोणतेंही पान "साधा झाडपाला" म्हणून तोंडांत टाकूं नये, हें मी माझ्या विद्यार्थिनींना पहिल्याच तासाला सांगत असें.

बंगालींत सदाफुलीला नयनतारा म्हणतात, हिंदींत सदाबहार किंवा सदासुहागन, तमिळांत नित्यकल्याणी. नांवें इतकीं गोड व संस्कृत वळणाचीं कीं, हें झाड आपल्या ऋषिमुनींच्या आश्रमांत असलेंच पाहिजे असें वाटावें. वस्तुस्थिति निराळी आहे. सदाफुली मूळची मादागास्कर बेटांतली. तेथून फ्रेंचांनीं तिचें बीं पॅरिसला नेलें. पॅरिसहून अठराव्या शतकाच्या मध्यास तें लंडनजवळच्या चेल्सी येथील औषधी बागेंत फिलिप मिलर याच्या हातीं आलें. १७५९ सालीं लिनियसनें तिला विंका रोझिया असें शास्त्रीय नांव दिलें, आणि १८३७ सालीं जॉर्ज डॉन यानें तिला कॅथॅरॅन्थस या निराळ्या गणांत बसविलें. युरोपीयांच्या गलबतांबरोबर ती साऱ्या उष्ण प्रदेशांत पसरली व जेथें गेली तेथें गांवचीच होऊन राहिली. अर्थात् चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत तिला स्थान असण्याचें कारणच नाहीं. "आयुर्वेदोक्त" म्हणून तिची जी जाहिरात चालते ती ऐकून खऱ्या वैद्यांनींच प्रथम हरकत घ्यावयास हवी. गुण असला तर तो परदेशी झाडालाही असूं शकतो, त्याला माझी ना नाहीं. पण जुनेपणाचा जो आधार आपण मनांत धरतों, तो येथें नाहीं, एवढें लक्षांत असावें.

तरीही लोकांच्या समजुतीला कांहींच मूळ नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. आपल्याकडे गांधीलमाशी चावली कीं सदाफुलीचा पाला चुरडून त्याचा रस लावण्याची जुनी रीत आहे. क्यूबा बेटांत तिच्या फुलांच्या पाण्यानें डोळे धूत. आणि नवलाची गोष्ट अशी कीं, जमैका, दक्षिण आफ्रिका, फिलिपाइन्स अशा एकमेकांपासून हजारों कोस दूर असलेल्या देशांत लोक मधुमेहावर हिच्याच पानांचा काढा घेत आले. इंग्लंडांत तर 'विंक्युलिन' या नांवानें तिचें तयार औषधही एके काळीं विकलें जाई. इतक्या निरनिराळ्या ठिकाणच्या लोकांना एकच गोष्ट कां सुचावी? हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला, आणि त्यांनीं तो सोडविण्याचा यत्न केला, त्याची कथा मोठी मनोरंजक आहे.

कॅनडांत क्लार्क नोबल नांवाचे डॉक्टर होते. हे तरुणपणीं, १९२१ सालीं, इन्सुलिनच्या शोधांत सहभागी होतां होतां राहिले. बँटिंगच्या हाताखालीं दोघां विद्यार्थ्यांपैकीं प्रथम कोणीं काम करावें याचा निर्णय नाणें उडवून झाला, आणि नाणें चार्ल्स बेस्टच्या बाजूनें पडलें, असें सांगतात. त्याच क्लार्क नोबल यांच्याकडे १९५२ सालीं जमैकाहून एक पाकीट आलें. त्यांत सदाफुलीचीं पंचवीस पानें होतीं आणि बरोबर चिठ्ठी, कीं येथील लोक मधुमेहावर यांचा चहा घेतात, आपण पाहावें. क्लार्क नोबल यांनीं तें पाकीट आपले बंधु रॉबर्ट नोबल यांच्याकडे पाठविलें. ते वेस्टर्न ऑन्टॅरिओ विद्यापीठांत संशोधन करीत असत.

रॉबर्ट नोबल यांनीं पानांचा अर्क उंदरांना पाजला. साखरेंत कांहीं फरक पडला नाहीं. मग तो अर्क त्यांनीं सुईनें टोंचून दिला. साखर तेव्हांही उतरली नाहीं. परंतु आठवड्याच्या सुमारास उंदीर मरूं लागले. त्यांच्या अंगांत ठिकठिकाणीं पू झालेला आढळला. दुसरा एखादा मनुष्य असता तर त्यानें प्रयोग फसला म्हणून पिंजरे धुऊन ठेवले असते. नोबल यांनीं विचार केला कीं, पू होतो म्हणजे रोगजंतूंशीं लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी पडतात. रक्त तपासतां तेंच खरें ठरलें. पांढऱ्या पेशी झपाट्यानें घटल्या होत्या, आणि त्या जेथें तयार होतात ती हाडांतील मज्जा जवळजवळ ओस पडली होती. सदाफुलीच्या पानांत साखरेचें औषध शोधतां शोधतां हातीं आलें तें पेशींचें विष.

पण ज्या रोगांत पांढऱ्या पेशीच बेसुमार वाढतात, त्या रक्ताच्या कर्करोगांत हेंच विष अमृत ठरणार नाहीं काय? १९५४ सालीं चार्ल्स बीअर हे रसायनशास्त्रज्ञ नोबल यांना येऊन मिळाले आणि त्यांनीं तें द्रव्य शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें. तेंच व्हिन्ब्लास्टिन. त्याच सुमारास अमेरिकेंतील एली लिली कंपनीचे शास्त्रज्ञही मधुमेहाच्याच वाटेनें सदाफुलीपाशीं आले होते व त्यांनाही तोच अनुभव आला होता. त्यांच्यांतील गॉर्डन स्वोबोडा यांच्या कामांतून दुसरें द्रव्य निघालें, तें व्हिन्क्रिस्टिन. पहिलें १९६१ सालीं व दुसरें १९६३ सालीं अमेरिकेंत औषध म्हणून मान्य झालें. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगांत पूर्वीं मूल वांचण्याची आशाच धरीत नसत. आज चांगल्या रुग्णालयांत, वेळेवर व पुरता उपचार झाला तर, अशा दहा मुलांपैकीं आठांहून अधिक बरीं होतात. या उपचारांत अनेक औषधें एकत्र वापरतात, आणि त्यांत व्हिन्क्रिस्टिन हें प्रमुखांपैकीं एक. मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या पायऱ्या जे पालक आपल्या मुलाला उचलून घेऊन चढले असतील, त्यांना हें नांव सांगावयास नको. आपल्याकडेही १९८० नंतरच्या दशकांत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहकार्यानें सिप्ला कंपनीनें हीं दोन्ही औषधें देशांतच तयार करण्यास आरंभ केला. जिचें हें झाड त्या मादागास्करच्या पदरांत मात्र या व्यवहारांतून फारसें कांहीं पडलें नाहीं.

हें द्रव्य काम कसें करतें? कोणतीही पेशी दुभंगते तेव्हां तिच्या गाभ्यांतील गुणसूत्रांचे दोन वांटे होतात, आणि ते दोन टोकांना ओढून नेण्यासाठीं पेशींत अतिसूक्ष्म तंतूंची एक दोरखंडी तयार होते. व्हिन्क्रिस्टिन तें दोरखंड वळूंच देत नाहीं. वांटणी अर्ध्यावर अडकते व पेशी मरते. जी पेशी वरचेवर दुभंगते तिला हा तडाखा अधिक बसतो. म्हणून कर्करोगाची पेशी मरते, पण तिच्याबरोबर केंसांच्या मुळांतील पेशीही मरतात व केंस गळतात. मज्जातंतूंतही तसेच तंतू असतात. त्यामुळें हातापायांना मुंग्या येणें, पाऊल लुळें पडणें, अतिशय मलावरोध होणें, हे त्रास या औषधानें होतात. तें देतात तें शिरेंतून, मोजून, डॉक्टरांच्या देखत. एका वेळची मात्रा सहसा दोन मिलिग्रॅमच्या वर जात नाहीं. हेंच औषध चुकून पाठीच्या कण्यांतील द्रवांत गेलें तर प्राण घेतें. म्हणून तें केवळ शिरेंतून द्यावें अशी ताकीद त्याच्या वेष्टनावर छापलेली असते.

येथें एखादी चतुर वाचक भगिनी मला अडवील. ती म्हणेल, "एवढें जहाल द्रव्य पानांत असतें तर रोज पांच पानें खाणारे इतके लोक हिंडतेफिरते कसे?" शंका रास्त आहे, आणि तिचें उत्तर प्रामाणिकपणें दिलें पाहिजे. एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टिन काढण्यास वाळलेलीं पानें सुमारें पांचशे किलो लागतात. म्हणजे एका वेळच्या दोन मिलिग्रॅमांसाठीं किलोभर वाळलेला पाला! शिवाय तें तोंडावाटें घेतलें तर अंगांत नीट शोषिलेंही जात नाहीं. तेव्हां पांच पानांनीं उद्यांच कोणाचे केंस गळतील असें मी म्हणत नाहीं. त्याच हिशेबानें, पानें चावून कोणाचा कर्करोगही बरा होणार नाहीं, हेंही ओघानेंच आलें. कारण तोही एक खुळा समज आतां पसरूं लागला आहे, आणि तो अधिक घातक आहे.

परंतु पानांत तीं दोनच द्रव्यें नाहींत. सदाफुलींत शंभराहून अधिक अल्कलॉइडें शास्त्रज्ञांनीं मोजलीं आहेत, आणि त्यांतील पुष्कळशीं व्हिन्क्रिस्टिनपेक्षां कितीतरी अधिक प्रमाणांत असतात. कांहीं रक्तदाब उतरवितात. पानागणिक, झाडागणिक, ऋतूगणिक त्यांचें प्रमाण बदलतें. गोळींत किती औषध आहे हें तिच्या पाकिटावर लिहिलेलें असतें. पानावर कोण लिहिणार? पांच पानें चावणारा मनुष्य पुढें वाटीभर काढा घेऊं लागतो, मग बाजारांतील भुकटी दोन चमचे घेतो, आणि आपण मात्रा कितीपट वाढविली याची त्याला दाद नसते. सदाफुली घेतल्यानें अस्थिमज्जेचें कार्य अतिशय मंदावल्याची एका रुग्णाची हकीकत तैवानांतील डॉक्टरांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केली आहे. नोबल यांच्या उंदरांत जें दिसलें, तेंच येथें मनुष्यांत दिसलें.

आणि साखरेचें काय? रॉबर्ट नोबल यांना गुण दिसला नाहीं हें खरें. पण पुढें इतरांनीं मधुमेही केलेल्या उंदरांवर पानांच्या अर्कांचे प्रयोग केले, त्यांतील कित्येकांत साखर उतरल्याचें नमूद आहे. म्हणजे लोकसमजुतीची वाट सर्वथा खोटी नसावी. परंतु उंदरापासून मनुष्यापर्यंतचें अंतर मोठें असतें. कोणत्या मनुष्यानें, किती, किती दिवस घ्यावें, म्हणजे गुण येऊन अपाय होणार नाहीं, हें ठरविण्याइतकें काम मनुष्यांवर झालेलें नाहीं. आणि खरोखरच गुण असला, तर मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यानें वरून हीं पानें खाणें अधिकच जोखमीचें. कारण मग साखर प्रमाणाबाहेर उतरून घाम सुटणें, हातपाय कांपणें, भोंवळ येऊन पडणें हे प्रकार होऊं शकतात. गुण नसेल तर गोळी सोडणें घातक, गुण असेल तर गोळीबरोबर घेणें घातक. काकासाहेबांना मी हें त्या वेळीं सांगावयास हवें होतें.

गर्भवती स्त्रीनें सदाफुलीचा कोणताही भाग पोटांत घेऊं नये. जें द्रव्य पेशींचें विभाजन थांबवितें तें वाढत्या गर्भाला काय करील हें सांगावयास नको. अंगावर पाजणाऱ्या मातेनें व लहान मुलांनींही घेऊं नये. रक्तदाबाचें औषध चालू असणाऱ्यानें, कर्करोगाचा उपचार चालू असणाऱ्यानें, शस्त्रक्रिया ठरलेली असणाऱ्यानें तर नाहींच नाहीं. डोळ्यांत रस घालण्याचा प्रयोग क्यूबांतील लोकांनीं केला म्हणून आपण करूं नये. गांधीलमाशीच्या दंशावर पाला चोळल्यास फारसें बिघडत नाहीं, कातडी फाटलेली मात्र नसावी. पण थंड पाण्याची पट्टीही तेंच काम करते, आणि दंशानंतर तोंड सुजूं लागलें किंवा श्वास लागला तर पाल्याच्या शोधांत एक क्षणही न घालवितां रुग्णालय गांठावें.

घरांत रांगतें मूल असलें तर झाड उपटून टाकावें काय, असेंही कोणी विचारील. गरज नाहीं. कुंडी उंचावर ठेवावी म्हणजे झालें. एखादी पाकळी मुलाच्या तोंडांत गेली तर तोंड पुसून पाणी पाजावें. पान इतकें कडू असतें कीं मूल तें आपणच थुंकून टाकतें. मूठभर पाला पोटांत गेल्याची शंका आली तर मात्र मिठाचें पाणी पाजून उलटी करविण्याच्या भरीस पडूं नये. मुलाला तडक डॉक्टरांकडे न्यावें आणि झाडाची एक फांदी बरोबर घ्यावी. देवाला फुलें वाहण्यास, झाडाला पाणी घालण्यास, छाटणी करण्यास कसलीही भीति नाहीं. काम झाल्यावर हात धुवावे. माझ्या सासूबाईंच्या पूजेच्या तबकांत सदाफुली नसे असा दिवस आठवत नाहीं.

आतां नाशिकच्या भगिनींना. आपण श्वशुरांशीं वाद घालूं नका. वादानें पानें सुटणार नाहींत, उलट गुपचूप खाल्लीं जातील. त्यांचें वय व त्यांचा अनुभव यांचा मान राखून एवढेंच म्हणा कीं, "बाबा, पुढच्या वेळीं डॉक्टरांकडे जाल तेव्हां पानांचेंही सांगा, त्यांनाही कळूं द्या." आपणच बरोबर जात असाल तर रुमालांत एक डहाळी घेऊन जा आणि टेबलावर ठेवा. बंद केलेली रात्रीची गोळी पुन्हां आपल्या मनानें सुरू करूं नका. तेंही डॉक्टरांनाच विचारा. मात्र त्यासाठीं पुढच्या महिन्याची वाट पाहूं नका, या आठवड्यांतच जा. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखविणारी रक्ताची तपासणी असते, ती करून घ्या. एका सकाळच्या आंकड्यावरून जें कळत नाहीं तें तिनें कळतें, आणि हिशेब समोर असला कीं वडीलधारी माणसें सुनेपेक्षां त्याचें अधिक ऐकतात. रोज रात्रीं त्यांचे पाय, बोटांच्या बेचकांसुद्धां, उजेडांत कोणीतरी पाहावे. आमच्या घरीं तें आतां माझी जाऊ पाहते. काकासाहेबांनीं वही पुन्हां सुरू केली आहे, आणि तींत औषधांच्या रकान्याशेजारीं "इतर" असा एक नवा रकाना त्यांनीं स्वतः पट्टीनें आंखला आहे. पर्वती मात्र आतां एकदांच चढतात, तीही काठी घेऊन.

राहिला तो बारीक प्रश्न : पांढरी सदाफुली गुणकारी कीं गुलाबी? पांढरीचा महिमा लोकांत अधिक आहे खरा. परंतु हा भेद पाकळींतील रंगद्रव्याचा आहे. मीं वर ज्या द्रव्यांविषयीं लिहिलें तीं दोहींच्याही पानांत असतात, आणि म्हणून मीं लिहिलेली सावधगिरीही दोहींना सारखीच लागू आहे. कुंडींत लावावयाची असेल तर जी आवडेल ती लावावी. फक्त कुंडीच्या तळाला भोंक आहे ना, तें पाहून घ्यावें.